डॅशबोर्डातली पाच भोकं

…बरं, पांढरा काटा म्हणजे काय गुन्हा आहे का हो? नाही, तुम्हीच सांगा! पाच मीटरांचा नवा कोरा संच, महिनाभर वाट बघून मागवलेला, खोक्यातून एकेक काढून, फडक्यानं पुसून मी टेबलावर मांडतो, आणि आमचे थोरले बंधू रॉइस बॅस्कम, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मान एकीकडे कलवून त्याच्याकडे असं बघतात जणू कुणी ताटात पाल वाढलीय, आणि म्हणतात काय, तर, ‘काटा पांढरा का?’

पांढरा का! अरे, काळ्या तबकडीवर काटा पांढरा नसेल तर काय काळा असेल?

तुम्हाला सांगतो, मी डेल बॅस्कम, अडतीस वर्षं पोर्टरव्हिलच्या शाळांच्या बस दुरुस्त केल्या, इंजिनं उतरवली, चढवली, पण या पाच भोकांनी मला जेवढं रडवलंय ना… पाचच भोकं हो! एक मोठं, चार लहान!

गाडी म्हणजे काय, एकोणीसशे बत्तीसची फोर्ड. दोघांपुरती. वर छप्पर नाही, बाजूला काचा नाहीत, इंजिनावरचं झाकणसुद्धा काढून टाकलेलं, म्हणजे इंजिनाचा सगळा थाट उघड्यावर. रॉइसनं ती एकोणिसाव्या वर्षी एका संत्र्याच्या बागेतून दोरीनं ओढत आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. आणली, सुटी केली, आणि मग काय… नोकरी, लग्न, मुली, बायकोचं आजारपण, तिचं जाणं. ती गाडी कधी याच्या अंगणात, कधी माझ्या गॅरेजात, डब्यांमधून, गोणपाटांतून, पंचावन्न वर्षं! पंचावन्न वर्षांत एक फूट चालली नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं बसलो तिच्या मागे, आणि या फेब्रुवारीपर्यंत सगळं झालं. इंजिन झालं, गिअर झाले, रंग झाला, बैठक शिवून झाली. राहिला फक्त डॅशबोर्ड. एक सपाट पोलादी पत्रा, त्यात रॉइसनं बाविसाव्या वर्षी स्वतःच्या हातानं कापलेली पाच भोकं. मोठ्यात वेगाचं मीटर. चार लहानांत ऑइलचा पौंडांतला दाब, बॅटरीचा करंट आणि पाणी… आणि पाणी. हो, दोनदा! कारण ते जुनं इंजिन, डावीकडे चार सिलिंडर, उजवीकडे चार, आणि दोन्हीकडचं पाणी वेगवेगळं तापतं. मग पेट्रोलचं मीटर कुठं? नाही. ‘पेट्रोल काठी बुडवून मोजू,’ रॉइस म्हणतो. मी म्हटलं, बरं. काठीनं तर काठीनं. पण बाकीची तरी निवड ना बाबा!

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कसली, पंचावन्न वर्षं गेली तिथं अजून एक गेलं असतं. तेच तर! जानेवारीत मी त्याला फ्रेझ्नोला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो होतो. बाई चांगल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, ‘मिस्टर बॅस्कम, नजरेचा मधला भाग जातोय. उजवा गेलाच आहे, डावा जाईल. कडेकडेचं दिसत राहील. याला उलटं फिरवता येत नाही.’ परत निघालो. आणि गाव आल्यावर म्हणतो, ‘नऊ ऑक्टोबरला माझं लायसन संपतंय. पुढच्या वेळी डोळे तपासणार, मी नापास होणार. त्याच्या आत ती गाडी मला एकदा चालवायचीय. लायसन खिशात असताना. चोरून नाही. आणि डेल, हे कुणाला बोलायचं नाही. मॅक्सीनलासुद्धा नाही.’

मॅक्सीन म्हणजे माझी बायको. तिला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, ते सोडा.

तर आता बघा, हातात आठ-नऊ महिने, आणि काम किती? पाच भोकं. एक मोठं, चार लहान. मला वाटलं, आठवड्यात उरकतो.

पहिला संच तर पांढऱ्या काट्यावरून गेलाच, पण तेवढ्यात तिथं टपकला लाइल. लाइल प्रुइट. आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. संत्र्याच्या बागा आहेत त्याच्या गावाबाहेर, पैसा आहे, वेळ आहे, आणि डोक्यात प्रत्येक स्क्रूची जन्मतारीख आहे. त्यानं एक मीटर उचललं, उलटं केलं, मागे बघितलं आणि असा चेहरा केला… ‘डेल, हे विजेवर चालतं.’ मी म्हटलं, ‘हो, मग?’ तर म्हणतो, ‘नाही, काही नाही. टोस्टरही विजेवरच चालतो.’ झालं! रॉइसला तेवढंच पाहिजे होतं! ‘ऐकलंस? टोस्टर! बांध परत!’

बांधला. पाठवला. मार्च गेला.

एप्रिलमध्ये बेकर्सफील्डच्या जुन्या मालाच्या बाजारात गेलो. पहाटे उठून. उन्हात दिवसभर वणवण, प्रत्येक टेबलावर वाकून वाकून माझी कंबर धरली, एकाकडे ऑइलचं सापडलं, दुसऱ्याकडे करंटचं, पाण्याची दोन तर दोन टोकांच्या दोन म्हाताऱ्यांकडे, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही मला विचारतात, ‘त्याच्याकडे किती सांगितलं?’ सगळी आणली. तेल लावून पुसली. लाइल आला. न बोलावता! ‘ही दोन एकोणचाळीसची, हे एक्केचाळीसचं, आणि हे… हे ट्रॅक्टरचं आहे, डेल.’

‘ट्रॅक्टरचं?’ रॉइस मान कलवून म्हणतो. ‘माझ्या गाडीत ट्रॅक्टरचं मीटर?’

‘अरे, पण कुणाला कळणार आहे?’

‘मला कळेल.’

मग मे महिन्यात विमानाची आणली. युद्धातल्या जुन्या विमानांतली, खरीखुरी. पूर्वीचे गाडीवाले तीच वापरायचे, लाइल म्हणाला होता. रॉइसनं एक हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. ‘आकडे बारीक आहेत.’ मोठ्या आकड्यांची आणली. ‘आता हे स्वयंपाकघरातल्या घड्याळासारखं दिसतंय.’ काच फुगीर आणली तर ‘चकाकते’, सपाट आणली तर ‘मेलेली वाटते’! मी रात्री झोपेत आकडे बघायला लागलो! रविवारी चर्चमध्ये पाळक बोलतायत आणि मला त्यांच्या टकलाभोवती शून्य ते ऐंशी पौंड दिसतायत! पाच भोकं हो, एक मोठं, चार लहान, आणि जून लागला!

आणि मग माझ्या मॅक्सीननं ते केलं. मला न विचारता. तिनं कागदाच्या ताटल्या कापून पाच तबकड्या बनवल्या, काळा रंग दिला, वर पांढरे आकडे, काटे चिकटवले आणि मागून टेपनं भोकांत बसवल्या. म्हणाली, ‘विकत आणून परत करण्यापेक्षा कागदावर ठरवा. रॉइस, बस गाडीत, आणि काय दिसतं ते सांग.’

रॉइस बसला. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. ताठ.

‘वेग?’

‘पन्नास.’

‘करंट?’

‘मध्यावर. बरोबर.’

‘ऑइल?’

‘चाळीस पौंड. छान आहे हे. हे चालेल, डेल.’

मी आनंदानं उडालोच हो! चालेल म्हणाला! चार महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द! मॅक्सीन मात्र हसेना. हाताची घडी घालून उभी. ‘आणि डावीकडचं पाणी?’

रॉइसनं मान कलवली, जरा वेळ घेतला. ‘एकशे ऐंशी फॅरनहाइट. किंचित जास्त. जरा तापलंय.’

तेव्हा मी वाकून बघितलं. त्या भोकात मीटर नव्हतंच! चर्चच्या पत्रकातून कापलेला आमच्या पाळकांचा फोटो होता. गोल कापलेला. काळापांढरा. हसरा! आणि ऑइलच्या भोकात ताटली होती, पण त्यावर काटाच नव्हता.

जरा तापलंय म्हणे!

हसू येतं ना? मलाही आलं असतं, पण हसलो नाही. कारण रॉइसच्या लक्षात आलं होतं. आम्ही गप्प झालो त्यावरूनच आलं असणार. हात चाकावरच, नजर समोर, म्हणाला, ‘कधीपासून माहितेय तुला, मॅक्सीन?’

‘मीटरं दिसत नाहीत हे? फेब्रुवारीपासून. पहिल्या संचाच्या वेळी. तू काटा पांढरा का म्हणालास, आणि तो लाल होता.’

लाल होता! आणि मी इतके दिवस तुम्हाला, सगळ्या गावाला सांगत फिरतोय पांढरा, पांढरा! त्यानं म्हटलं म्हणून मीही तेच धरून बसलो, खोकं परत बांधताना बघितलंसुद्धा नाही! ज्याला दिसतंय त्याची ही गत!

‘कुठलंच दिसत नाही, डेल,’ रॉइस म्हणाला. ‘म्हणून कुठलंच नको म्हणत होतो. रस्ता दिसतो, झाडं दिसतात, तू दिसतोस. समोरची बारीक वस्तू पाहायला गेलो की तिथं धुकं.’

‘अरे, मग बोलायचं ना! ट्रॅक्टरचं, एक्केचाळीसचं, फुगीर, सपाट… मी काय हमाल आहे?’

‘बोललो असतो तर तू मला चाकामागे बसू दिलं असतंस?’

खरं सांगू? नसतं बसू दिलं.

तो उतरला, गाडीच्या दाराला धरून उभा राहिला, म्हणाला, ‘राहू दे. तूच चालव. मी शेजारी बसेन.’ आणि गेला घरी. चालत. पुढचे तीन आठवडे आला नाही. रोज सकाळी सातला माझ्या गॅरेजात येणारा माणूस. मी फोन करायचो, तर ‘बागेला पाणी घालतोय’. त्याच्याकडे बाग आहे का? दोन कुंड्या आहेत!

आणि मी? रोज गॅरेज उघडायचो आणि त्या पाच भोकांकडे बघत बसायचो. भोकं माझ्याकडे बघायची. एक मोठं, चार लहान.

शेवटी मॅक्सीननंच सांगितलं, ‘हॅनफर्डला थेल्मा ऑस्ट्रँडर म्हणून बाई आहेत, जुनी मीटरं दुरुस्त करतात, जा त्यांच्याकडे. आणि खरं सांग त्यांना.’ गेलो. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, स्वयंपाकघराच्या टेबलावर दुकान, डोळ्याला भिंग, एका बाजूला चुलीवर सूप उकळतंय, दुसऱ्या बाजूला उघडलेली मीटरं. मी अर्थातच खरं सांगितलं नाही. म्हटलं, आकडे जरा जाड करून द्या. मग म्हटलं, अजून जाड. मग म्हटलं, अजून थोडे… तर त्यांनी भिंग काढलं.

‘कुणाची नजर चाललीय?’

‘भावाची.’

‘मग आकडे कशाला जाड करताय? अहो, बारा वाजलेत हे बघायला तुम्ही घड्याळावरचे आकडे वाचता का?’

मी म्हटलं, ‘नाही. काटे वर असतात.’

‘मग!’ म्हणाल्या. ‘मीटरं भोकांत फिरवून बसवा. सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा राहील अशी. शर्यतीवाले असंच करायचे. त्यांना दीडशेच्या वेगात आकडे वाचायला वेळ कुठला? काटे उभे, गाडी चालू. एक जरी पडला, थांबा. काटे मी जाड करून देते, पांढरेशुभ्र. डोळ्याच्या कडेनंसुद्धा दिसतील.’

एवढंच! पाच महिने मी मीटरं बदलत होतो हो… फक्त फिरवायची होती!

तिथूनच रॉइसला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणतो, ‘पण मग अक्षरं तिरकी होतील.’ मी म्हटलं, ‘रॉइस, तुला अक्षरं दिसत नाहीत!’ तर म्हणतो, ‘हां, तेही आहेच.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर.

मॅक्सीननं मात्र अट घातली. सरकारी रस्त्यावर न्यायची नाही. लाइलच्या बागेतून साडेतीन मैलांचा खाजगी रस्ता जातो, तिथं, सकाळी, मजूर नसताना. आणि डेल शेजारी. रॉइस कबूल झाला. लाइलला आम्ही सांगितलं, गाडी तपासायचीय. डोळ्यांचं एक अक्षर नाही.

ऑगस्ट संपता संपता बाईंकडून मीटरं आली. बसवता बसवता सप्टेंबर संपत आला. आणि आता ऐका माझं कर्तृत्व. पाण्याच्या मीटरांना मागे एक तांब्याची नळी असते, शेवईएवढी बारीक, आत ईथर भरलेलं, तिचं टोक इंजिनात जातं. पाणी तापलं की ईथर फुगतं आणि काटा हलतो. नळी मोडली, की मीटर मेलं. अडुसष्ट वर्षांचा मी, डॅशबोर्डाखाली उताणा, पाय दाराबाहेर, तोंडात बॅटरी, उजवीकडची नळी कुठंतरी अडकली, मी जरा ओढली. जराशी! टक्कन आवाज झाला. आणि दवाखान्यासारखा वास.

बाहेरून रॉइस, ‘डेल? ईथरचा वास येतोय.’

नाक बघा कसं शाबूत!

थेल्माबाईंना फोन केला. ‘अहो, नळी होती ती, बैलाचं दावं नव्हे!’ म्हणाल्या. नवी नळी जोडायची, ईथर भरायचं, तपासायचं. ‘नऊ-दहा दिवस तरी.’ मी कॅलेंडर बघितलं. मग त्या बाईंच्या मी पाया पडायचाच बाकी राहिलो. मीटर घेऊन हॅनफर्डला गेलो, ते सात ऑक्टोबरला परत मिळालं. आठला सकाळी बसवलं. या वेळी मॅक्सीननं नळी आत सरकवली, स्वेटर विणायच्या हातांनी, आणि मला गॅरेजाबाहेर उभं केलं होतं.

आठ ऑक्टोबर. लायसन संपायच्या आदला दिवस.

लाइलच्या बागेत गाडी ट्रेलरवरून उतरवली. लाइल आलाच होता, त्याचीच बाग. त्यानं आत डोकावलं आणि असा मागे सरकला जणू आत साप आहे. ‘अक्षरं तिरकी आहेत! वेगाचं तिरकं! पाण्याची दोन्ही तिरकी! डेल, हे… हे कुणी केलं?’ तर रॉइस, चाकामागे बसत, हातमोजे घालत, इतक्या शांतपणे म्हणाला, ‘शर्यतीवाले असंच लावायचे, लाइल. तुला माहीत नव्हतं?’

लाइलनं मान डोलावली. पहिल्यांदा.

इंजिन सुरू झालं. काय आवाज हो तो! काटे हळूहळू उठले, एकेक करून, करंटचा, ऑइलचा, मग दोन्ही पाण्याचे, जसे कुणी मोठं माणूस आल्यावर उठून उभे राहतात. दोन्हीकडे संत्र्याची झाडं, मध्ये सरळ रस्ता. माझे दोन्ही हात बैठकीला घट्ट. माझे डोळे मीटरांवर, रस्त्यावर, मीटरांवर, रस्त्यावर! आणि हा? खांदे सैल. एक कोपर दारावर. एकोणीस वर्षांचा दिसत होता, शपथ सांगतो. रस्त्याच्या टोकाला सावकाश वळवली, परत आणली, पुन्हा वळवली. तीन फेऱ्या. एकदाही चाक डगमगलं नाही. आणि तुम्हाला सांगतो, तीन फेऱ्यांत त्यानं मीटरांकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही! आठ महिने! हॅनफर्ड, बेकर्सफील्ड, ट्रॅक्टर, टोस्टर, पाळक!

मी ओरडलो, वाऱ्यातच, ‘अरे, बघ ना एकदा काट्यांकडे!’

तर तोही ओरडून म्हणतो, ‘कशाला? तू बघतोयस ना!’

बघतच होतो.

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाला, तो लायसनच्या ऑफिसात गेला आणि कार्ड स्वतःहून काचेच्या फटीतून आत सरकवून आला. डोळे तपासू दिले नाहीत. ‘वेळ कशाला घालवायचा त्यांचा,’ म्हणाला. घरी आल्यावर मॅक्सीननं केलेल्या, पीच भरून भाजलेल्या ‘पाय’चे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. आता रविवारी चर्चनंतर मी चालवतो, तो शेजारी बसतो, कोपर दारावर.

आणि मंडळाचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात सगळ्यांच्या गाड्या पार्कात लागल्या होत्या. मी चक्कर मारली. एक गाडी, मीटरं तिरकी. दुसरी गाडी, तिरकी. तिसरी, चौथी… आणि लाइल प्रुइट मध्ये उभा राहून चार जणांना समजावतोय, ‘खरी पद्धत हीच. जाणकार माणूस मीटर सरळ लावतच नाही!’ मग आमच्या गाडीपाशी आला. वाकला. एकेक तबकडी तपासली. आता आमच्या ऑइलच्या मीटरात चाळीस पौंड मुळातच वरच्या बाजूला येतात, म्हणून ते तेवढं एक सरळच बसलंय. लाइलनं त्यावर बोट ठेवलं, मान हलवली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात, चारचौघांत माझी लाज राहावी म्हणून म्हणतो, ‘डेल, बाकी सगळं उत्तम जमलंय. फक्त हे एक सरळ राहिलंय बघ. तेवढं तिरकं करून घे.’

…घेतलं करून.